बिग बँगला पुरावा आहे म्हणतात, म्हणजे हातात नक्की काय आहे?

प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाला उत्तर देतोय. प्रश्न विचारणारे एस.वाय. बीएस्सी फिजिक्सला आहेत आणि घरी काकांशी वाद झालाय. काका म्हणाले की बिग बँग ही नुसती थिअरी आहे, बघायला कोण होतं तिथे, आपल्या नारळीकर सरांनी शेवटपर्यंत मानली नाही, आणि आता जेम्स वेब दुर्बिणीने तर खोटीच पाडली. यांना उत्तर देता आलं नाही, आणि आता विचारतायत की पुरावा पुरावा म्हणतात तो नक्की काय आहे आणि तो थिअरीच्या बाजूने बोलतो म्हणजे कसा बोलतो.

तुम्ही माझ्या पुतणीच्या वयाचे आहात, पण अनोळखी माणसाला अरे-तुरे करणं मला जमत नाही, त्यामुळे तुम्हीच म्हणतो. माझ्याबद्दल एवढंच की मी थिअरीवाला नाही. रेडिओ टेलिस्कोपवर निरीक्षणं घ्यायची आणि मग तो डेटा महिनोनमहिने साफ करत बसायचं हे काम वीसेक वर्षं केलंय. गणितात माझ्यापेक्षा हुशार लोक इथे आहेत, चुकलो तर सांगतील.

काकांचे मुद्दे तीन दिसतात पण मुळात एकच गोष्ट आहे. ते पुराव्याचा अर्थ प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार असा धरतायत. कोर्टातसुद्धा असं नसतं हो, बोटाचे ठसे, बिल, कॉल रेकॉर्ड यावर केस उभी राहते. आमच्याकडे कसोटी साधारण अशी लावतात: थिअरीने मोजायच्या आधी आकडा सांगितला होता का, तो आकडा चुकू शकला असता का, आणि दुसऱ्या कुणीतरी भलत्याच रस्त्याने जाऊन मोजलं तर तोच आकडा आला का. तिसरी अट सगळ्यात कडक, कारण एकाच रस्त्याने गेलेले सगळे मिळून एकच चूक करू शकतात.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. पुरावा आहे की नाही हे तुम्ही बिग बँग कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. एक अर्थ असा की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आपल्याला दिसणारं सगळं विश्व प्रचंड गरम आणि दाट होतं आणि तेव्हापासून ते पसरतंय, थंड होतंय. दुसरा अर्थ असा की शून्य क्षणाला, काहीच नसताना, सगळं अचानक आलं. पहिल्याच्या बाजूने पुरावा इतका आहे की आता त्यावर कुणी झोप उडवून घेत नाही. दुसऱ्याच्या बाजूने काहीही नाही, आणि कुठला शहाणा कॉस्मॉलॉजिस्ट तसा दावाही करत नाही. घरातले वाद होतात ते एक जण पहिला अर्थ बोलतो आणि दुसरा दुसरा अर्थ ऐकतो म्हणून. त्यात मराठीत आपण 'महास्फोट' म्हणतो, त्या शब्दाने अजून घोळ घातलाय, डोळ्यासमोर फटाका येतो, मध्ये एक जागा आणि तिथून उडालेले तुकडे. तसं मध्य वगैरे काही नाही, जागाच सगळीकडे ताणली जातेय. आणि 'थिअरी'चं म्हणाल तर आपण कॉलेजात थिअरी-प्रॅक्टिकल असे दोन पेपर देतो ना, तिथून 'नुसती थिअरी' हे आलंय. विज्ञानात थिअरी म्हणजे बरीच प्रॅक्टिकलं देऊन पास झालेली गोष्ट.

पुराव्याकडे जाण्याआधी माझी एक फजिती सांगतो, कारण पुरावा कसा तपासतात ते मी त्यातून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मला एका लांबच्या क्वेसारच्या (म्हणजे दूरच्या गॅलेक्सीच्या मध्यातल्या अतिशय तेजस्वी स्रोताच्या) स्पेक्ट्रममध्ये हायड्रोजनची ॲब्सॉर्प्शन लाइन, म्हणजे वाटेतल्या वायूने शोषल्यामुळे पडलेला खड्डा, सापडली. हायड्रोजनची लाइन मुळात १४२० मेगाहर्ट्झला असते, विश्वाच्या पसरण्याने ती ताणली जाते आणि मला ती ६१५ च्या आसपास दिसत होती, छान खोल, सिग्नल-टू-नॉइज सुंदर. तीन दिवस मी हवेत. पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. मग एका सिनियरने विचारलं, पाच महिन्यांनी परत घेतलीस का? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे आकाशातून येणारी खरी लाइन वर्षभरात थोडी पुढे-मागे सरकायलाच पाहिजे, ६१५ मेगाहर्ट्झला दहा-वीस किलोहर्ट्झ तरी. परत घेतली, करेक्शन न लावता कच्चा डेटा प्लॉट केला, तर लाइन जागची हललेली नाही. म्हणजे ती आकाशातली नव्हतीच, जमिनीवरच्या कशाची तरी होती. कुठल्यातरी उपकरणाची गडबड माझ्या कॅलिब्रेटरच्या, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मोजतो त्या ओळखीच्या स्रोताच्या, स्कॅनमध्ये घुसत होती, आणि त्याने भागल्यावर क्वेसारमध्ये खड्डा दिसत होता. कॅलिब्रेटर बदलला, खड्डा गायब. शीर्षकही गायब.

सांगायचं कारण हे की लाइन सुंदर दिसते हा पुरावा नव्हता. जिथे ती चुकू शकली असती अशा ठिकाणी तिला नेऊन उभं करणं ही खरी परीक्षा. आता हीच नजर ठेवून पुढचं वाचा.

पहिला पुरावा सगळ्यांना पाठ असतो, रेडशिफ्ट. व्हेस्टो स्लायफरने १९१२ पासून गॅलेक्सींचे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत सर्पिल तेजोमेघांचे, स्पेक्ट्रम घ्यायला सुरुवात केली आणि बहुतेकांच्या रेषा लालकडे सरकलेल्या निघाल्या. १९२२ मध्ये फ्रीडमनने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवलं होतं की विश्व स्थिर असायची गरज नाही, १९२७ मध्ये लमेत्रने ते निरीक्षणांशी जोडलं, आणि १९२९ मध्ये हबलने अंतर विरुद्ध वेग असा ग्राफ छापला, जितकी गॅलेक्सी लांब तितकी ती जोरात दूर जातेय.

पण इथेच एक गंमत आहे जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. हबलचा ग्राफ बरोबर होता पण आकडा साफ चुकलेला होता. त्याला दर मेगापार्सेकला (साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं) सुमारे ५०० किलोमीटर प्रति सेकंद मिळालं, आज आपण ७० च्या आसपास म्हणतो. ५०० धरून उलटं मागे गेलं तर विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं येतं, आणि पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघत होते! म्हणजे आईपेक्षा मुलगी मोठी. त्या काळात कुणी बिग बँग मानायला नकार दिला तर तो हट्टीपणा नव्हता, पुराव्याला धरूनच होतं ते. १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने दाखवलं की अंतरं मोजायला वापरतात ते सेफीड तारे, म्हणजे ठरावीक लयीत उजळ-मंद होणारे तारे, दोन प्रकारचे असतात आणि आपण दोन्ही एकच समजत होतो. एका फटक्यात अंतरं दुप्पट झाली, वयही. पुढे अजून दुरुस्त्या झाल्या. आज सगळ्यात जुन्या तारकागुच्छांचं वय ताऱ्यांच्या फिजिक्सवरून काढलं तर साधारण १२००-१३०० कोटी वर्षं येतं आणि विश्वाचं १३८०. बसतं. आणि हे बसणं महत्त्वाचं आहे, कारण ताऱ्याचं वय काढणाऱ्याला विश्वाच्या पसरण्याशी काही देणंघेणं नसतं.

कुणी म्हणेल की रेडशिफ्ट पसरण्यामुळे कशावरून, लांबून येता येता प्रकाश 'थकत' असेल. चांगली शंका आहे, १९२९ मध्येच झ्विकीने मांडली होती. पण मग दोन कल्पना वेगवेगळं काय सांगतात ते बघू. विश्व पसरत असेल तर लांबच्या घटना आपल्याला स्लो मोशनमध्ये दिसायला हव्यात. टाइप वन-ए सुपरनोव्हा, म्हणजे एका ठरावीक प्रकारचा ताऱ्याचा स्फोट, उजळून मावळायला ठरावीक दिवस घेतो, रेडशिफ्ट १ असेल, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी ताणून दुप्पट झाली असेल, तर तीच गोष्ट दुप्पट दिवस चाललेली दिसली पाहिजे. प्रकाश नुसता थकत असेल तर रंग बदलेल, घड्याळ नाही. १९९० च्या दशकात हे मोजलं गेलं आणि २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या सुमारे १५०० सुपरनोव्हांवर परत तपासलं, घड्याळ अगदी हवं तेवढंच मंद. थकलेल्या प्रकाशाची फाइल बंद.

दुसरा पुरावा माझ्या लाइनमधला, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. विश्व आधी गरम होतं म्हणता ना, मग ती उष्णता गेली कुठे? भिंतींबाहेर जायला बाहेरच नाही, म्हणजे ती आत्ताही इथेच असली पाहिजे, फक्त ताणून थंड झालेली. १९४८ मध्ये आल्फर आणि हर्मन यांनी आकडाही सांगितला, सुमारे ५ केल्विन. (पुढे त्यांचेच आकडे वर-खाली झाले, ५ ही काही दगडावरची रेघ नव्हती, पण शून्याच्या वर काही अंश हे नक्की होतं.) १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेलला पेन्झियास आणि विल्सन यांना हॉर्न अँटेनामध्ये न जाणारा नॉइज सापडला. कबुतरांची गोष्ट सगळे सांगतात, त्यांनी शिट साफ केली वगैरे, मजेदार आहे, पण माझ्या मते खरं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं. त्यांनी लिक्विड हेलियमने गार केलेला एक संदर्भ बसवला होता आणि अँटेनाचं आकाश त्याच्याशी ताडून बघत होते. नाहीतर ३ केल्विनचा जादा नॉइज कोण ओळखणार, आमच्यासारखे 'रिसीव्हरचा असेल' म्हणून पुढे गेलो असतो. जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या यायच्या बघा, त्या मुंग्यांत अगदी थोडा भाग याच किरणांचा असायचा. काकांनी नक्की बघितल्या असतील. 'बघायला कोण होतं' याला हे अर्धं उत्तर झालं.

पण नॉइज सापडला म्हणजे बिग बँग सिद्ध, असं नाही. शंभर गोष्टींमुळे नॉइज येतो. खरी परीक्षा पुढची होती. सगळं एकेकाळी एकत्र, दाट, एका तापमानाला होतं तर या किरणांचा स्पेक्ट्रम परफेक्ट ब्लॅकबॉडी, म्हणजे एकाच तापमानाच्या वस्तूचा, पाहिजे, तुम्ही सेकंड इयरला प्लांकचा फॉर्म्युला शिकता तोच. ताऱ्यांचा प्रकाश धुळीवर आपटून आला असता तर वेगवेगळ्या तापमानांची भेळ झाली असती. नोव्हेंबर १९८९ मध्ये कोबे उपग्रह गेला आणि जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅदर यांनी एका परिषदेत पहिला ग्राफ दाखवला, तोही जेमतेम ९ मिनिटांच्या डेटाचा. बिंदू प्लांकच्या रेषेवर अगदी चपखल बसलेले. सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. पुढे नक्की झालेलं तापमान २.७२५ केल्विन. आमच्या धंद्यात ग्राफला टाळ्या पडत नाहीत हो, हे मी अनुभवाने सांगतो.

अजून एक परीक्षा आहे जी पुस्तकांत फारशी येत नाही आणि तिचं पुण्याशी नातं आहे. विश्व थंड होत आलंय म्हणता तर पूर्वी ते जास्त गरम असायला हवं, आणि लांब बघणं म्हणजे पूर्वीचं बघणं. मग लांबच्या ढगात थर्मामीटर घालून बघा ना! तसा थर्मामीटर असतो, अणू-रेणूच. १९४१ मध्ये मॅकेलर यांना आपल्याच आकाशगंगेतल्या सायनोजेनचे रेणू २.३ केल्विनला बसलेले दिसले होते, तेव्हा कुणालाच कळलं नाही की हे काय आहे. २००० साली पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतले आर. श्रीआनंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी चिलीतला व्हेरी लार्ज टेलिस्कोप वापरून रेडशिफ्ट २.३४ च्या ढगातल्या कार्बनच्या रेषा मोजल्या. हिशोब सोपा आहे, २.७२५ गुणिले एक अधिक रेडशिफ्ट, म्हणजे तिथे ९.१ केल्विन पाहिजे. उत्तर आलं ६ ते १४ च्या मध्ये. ढोबळ आहे, पण ३ नाही हे नक्की! २००८ मध्ये याच गटाने दुसऱ्या ढगात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पकडले, तिथे पाहिजे होतं ९.३, मिळालं ९.१५, एरर साधारण ०.७. म्हणजे सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वीचं विश्वाचं तापमान कुणीतरी खरोखर घेतलंय. मला विचाराल तर काकांसमोर एकच गोष्ट ठेवायची असेल तर ही ठेवा.

तिसरा पुरावा हेलियम, आणि हा तुम्ही कागदावर करू शकता. विश्व एखाद-दोन सेकंदांचं असताना प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांत बदलत होते, न्यूट्रॉन किंचित जड म्हणून कमी. थंड होता होता बदलणं थांबलं, काही न्यूट्रॉन विघटन पावले, आणि शेवटी साधारण ७ प्रोटॉनमागे १ न्यूट्रॉन उरला. आता १६ कण घ्या, १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. दोन्ही न्यूट्रॉन २ प्रोटॉन घेऊन एक हेलियम बनतात, वजन ४. बाकी १२ हायड्रोजन. १६ पैकी ४, म्हणजे वजनाने २५ टक्के हेलियम. झालं. यातले मुख्य आकडे प्रयोगशाळेतले आहेत, आकाशातलं हेलियम बघून एकही लावलेला नाही. आणि ज्या गॅलेक्सींत ताऱ्यांनी जवळपास काहीच शिजवलेलं नाही, ऑक्सिजन नावापुरता, तिथेही हेलियम मोजलं तर २४-२५ टक्क्यांच्या खाली जात नाही. तारे हेलियम बनवतात, पण एवढं नाही. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधीच भांड्यात काहीतरी होतं.

यावरून एक उपभाकीतही निघतं. न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रकार जास्त असते तर विश्व जास्त वेगाने पसरलं असतं, जास्त न्यूट्रॉन वाचले असते, हेलियम वाढलं असतं. १९७० च्या दशकातच लोक हेलियमवरून सांगायला लागले की न्यूट्रिनोंचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार, फार नाही. १९८९ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या लेप यंत्रात मोजले, ३. गॅलेक्सीतला वायू बघून जमिनीखालच्या मशीनचं उत्तर सांगणं, ही माझ्या त्या तिसऱ्या अटीची सगळ्यात भारी केस.

ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, गोष्ट अशीच आहे. ते ताऱ्यांत बनून उरत नाही, जळतंच. लांबच्या ढगांत एक लाख हायड्रोजनमागे अडीचेक अणू सापडतात, आणि त्यावरून पहिल्या काही मिनिटांत साधं पदार्थद्रव्य किती होतं ते निघतं, एकूण विश्वाच्या ५ टक्क्यांच्या आसपास. पुढे प्लांक उपग्रहाने त्या ३ केल्विनच्या किरणांमधले एक लाखात एक एवढे बारीक चढउतार मोजले, ते ३ लाख ८० हजार वर्षांनंतरचे, त्यांचं फिजिक्स पूर्ण वेगळं, ध्वनिलहरींचं. तिथूनही उत्तर तेच. मिनिटांचा हिशोब आणि लाखो वर्षांनंतरचा हिशोब, दोन वेगळ्या वह्या, बेरीज एक.

जिथे बेरीज जुळत नाही तेही सांगायला पाहिजे. लिथियम. थिअरी सांगते त्याच्या साधारण एक तृतीयांशच जुन्या ताऱ्यांत दिसतं. तारे ते गिळत असतील अशी शक्यता आहे, पण प्रकरण अजून मिटलेलं नाही. आणि हबलचा आकडा: प्लांकच्या डेटावरून ६७.४ येतो, सेफीड-सुपरनोव्हा रस्त्याने ७३, आणि दोन्हीकडचे एरर बार, म्हणजे मोजणी किती चुकू शकते त्या मर्यादा, आता इतके लहान आहेत की हात मिळवत नाहीत. कुणाची तरी मोजणी चुकतेय किंवा मधलं फिजिक्स काहीतरी राहिलंय. गुरुत्वलहरींवरून तिसऱ्याच रस्त्याने हा आकडा काढता येतो, सध्या त्याचे एरर बार फार मोठे आहेत, पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा उभी राहतेय, ते यासाठीही कामाला येईल. मात्र ६७ की ७३ हा वाद पसरतंय की नाही याचा नाही, गाडी ६७ ने जातेय की ७३ ने एवढाच आहे.

आता नारळीकर सर. इथे काकांचं अर्धं बरोबर आहे, आणि त्यांना ते द्या. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती विश्व मांडलं, सुरुवात नाही, शेवट नाही, पसरतंय पण मध्ये नवीन पदार्थ तयार होत राहतो. वर सांगितलं ना, वयाचा घोळ होता, त्यावर ही कल्पना फार देखणी होती. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना वापरलं. नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोत मोजून स्थिर स्थिती चूक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पंचविशीही न गाठलेल्या नारळीकरांनी हॉइल यांच्यासोबत उत्तर तयार केलं. पुढे १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती आणली, तिच्यात त्या ३ केल्विनच्या किरणांसाठी लोखंडाच्या सुईसारख्या कणांवर विखुरलेला ताऱ्यांचा प्रकाश असं स्पष्टीकरण होतं. आजचं बहुतेकांचं मत, आणि माझंही, हे की त्यातून इतका स्वच्छ ब्लॅकबॉडी आणि त्यातले बारीक चढउतार मिळवायला फार कसरत करावी लागते. आणि लांबच्या ढगाचा तो थर्मामीटर लावला गेला तो त्यांनीच १९८८ मध्ये उभ्या केलेल्या आयुकातून! संस्थापक संचालकांची थिअरी वेगळी म्हणून कुणी तिथे मोजायचं थांबलं नाही. याहून मोठं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

शिवाय विरोधाचा फायदा बिग बँगलाच झाला. बिग बँगच्या बाजूचे गॅमो म्हणत होते सगळी मूलद्रव्यं सुरुवातीलाच बनली, ते चुकलं, ५ आणि ८ वजनाचं स्थिर केंद्रक नसल्याने ती शिडी तिथेच मोडते. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत बनतात हे दाखवलं हॉइल आणि मंडळींनी १९५७ मध्ये. हेलियम ताऱ्यांनी बनवलेलं पुरत नाही हेसुद्धा १९६४ मध्ये हॉइल यांनीच टेलरसोबत लिहिलं. म्हणजे दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे बरोबर. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. त्यांनी मत शेवटपर्यंत बदललं नाही, पण त्यांचं मत आणि त्यांची कसोटी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. याच माणसाने दाभोलकरांच्या सोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, २७ ज्योतिषी, प्रत्येकी ४० पत्रिका, हुशार मुलगा की गतिमंद ते ओळखायचं, बरोबर उत्तरं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. आकडा आधी सांगा मग मोजू, हीच पद्धत. (आणि कमेंटमध्ये नासदीय सूक्त येणारच म्हणून आधीच सांगतो, सूक्त मला फार आवडतं, पण त्यात तपासता येईल असा आकडा नाही.)

जेम्स वेबचं. त्याने अपेक्षेपेक्षा जास्त उजळ गॅलेक्सी फार लवकरच्या काळात दाखवल्या हे खरं आहे. एकीचा काळ बिग बँगनंतर सुमारे २९ कोटी वर्षांचा आहे. यामुळे अडचणीत आली ती गॅलेक्सी किती पटकन बनतात याबद्दलची आमची समजूत, त्या काळात वायूचे तारे किती झपाट्याने झाले, धूळ किती होती, ब्लॅक होल किती उजेड पाडत होती, हे सगळं आधीपासूनच कच्चं होतं. हेलियमचा टक्का, ब्लॅकबॉडी, सुपरनोव्हाचं मंद घड्याळ, यातल्या कशालाही वेबने हात लावलेला नाही. बाळाची उंची तक्त्यापेक्षा जास्त निघाली तर तक्ता बदलतात, जन्मदाखला रद्द करत नाहीत. आणि २०२२ मध्ये नुसत्या फोटोंवरून रेडशिफ्ट १६ म्हणून गाजलेली एक गॅलेक्सी स्पेक्ट्रम घेतल्यावर ४.९ ची निघाली. व्हॉट्सॲपवर पहिली बातमी आली होती, दुसरी आली का बघा.

आमच्याकडून अशा चुका होतातच. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ ने इन्फ्लेशनच्या, म्हणजे अगदी पहिल्या क्षणार्धातल्या झपाटलेल्या पसरण्याच्या, खुणा सापडल्याचं गाजावाजा करून सांगितलं, वर्षभरात कळलं की त्यात आपल्याच आकाशगंगेतली धूळ मिसळलीये. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन दिसल्याचं सांगितलं. बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटने सारस नावाची अँटेना कर्नाटकातल्या तळ्यांत तराफ्यावर तरंगवली, जमिनीचा गोंधळ नको म्हणून खाली पाणी, आणि २०२२ मध्ये सांगितलं की तो सिग्नल आम्हाला दिसत नाही. माझा खड्डा आठवा. इन्फ्लेशनच्या मागे, शून्य क्षणाच्या दिशेने, जेवढं जाल तेवढा पुरावा पातळ होत जातो, आणि पहिल्या सेकंदाच्या आधीचं कुणी फार ठणकावून सांगायला लागलं की मी खुर्ची जरा मागे घेतो.

काकांशी परत बसाल तर वाद घालण्याऐवजी एक उद्योग करा. सुपरनोव्हांचे तक्ते, रेडशिफ्ट आणि अंतरासकट, नेटवर फुकट मिळतात. रेडशिफ्ट ०.०५ च्या खालचे पन्नास-साठ घ्या, एक्सेलमध्ये रेडशिफ्टला प्रकाशाच्या वेगाने गुणून वेग काढा, अंतर मेगापार्सेकमध्ये ठेवा, ग्राफ काढून रेषा ओढा. तिरकेपणा किती आला तो आकडा इथे टाका. ७० च्या आसपास यायला पाहिजे. भलताच आला तर विश्वाला दोष देण्याआधी एकदा युनिट बघा, माझ्या विद्यार्थ्यांचं दर वर्षी निम्म्या वेळा तिथेच गडबडलेलं असतं.